फ्लोरिडात आईबाबांना कुठे न्यावं? आधी घड्याळ बघा, मग नकाशा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईबाबा नाशिकहून पहिल्यांदाच येताहेत, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ऑरलँडोला मुक्काम. आईचे गुडघे दुखतात, बाबांना पक्ष्यांचं वेड आहे आणि घरात सात वर्षांचा मुलगा आहे. थीम पार्कची गर्दी नको, बाहेर निसर्गात कुठे न्यावं? आणि मगरींची भीती कितपत खरी?

मी गेली चौदा वर्षं मध्य फ्लोरिडातल्या एका स्टेट पार्कमध्ये स्वयंसेवक आहे. शनिवार-रविवारी लोकांना पायवाटेवरून फिरवते, मधल्या वारी तिकीटखिडकीच्या आसपास असते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. इथे कुठलं उद्यान निवडलं यापेक्षा कुठल्या महिन्यात आणि दिवसाच्या कुठल्या तासाला गेलात, यावर सगळं ठरतं. आपल्याकडचे बहुतेक आईवडील मे ते ऑगस्टमध्ये येतात, दुपारी जेवून अकरा-बाराला बाहेर पडतात आणि घामाने निथळत परत येतात. मग "त्या पार्कात काहीच नव्हतं" असं फोनवर सांगितलं जातं. प्राणी तिथेच होते, सावलीत निजलेले.

तुम्ही अगदी योग्य महिने धरले आहेत. डिसेंबर ते एप्रिल हा इथला कोरडा हंगाम. डास कमी, हवा हलकी, आणि पाणथळीतलं पाणी ओसरल्यामुळे पक्षी, मासे, मगरी उरलेल्या डोहांभोवती एकवटतात. बाबांना वेगळं सांगायला नको. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात पहाटे कोण किती वाजता दिसतं हे त्यांना पाठ असेल, तोच हिशेब इथे लावायचा.

पहिली सहल ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क. तुमच्या घरापासून उत्तरेला तासाभराच्या आत, ऑरेंज सिटी गावाजवळ. फ्लोरिडाची जमीन म्हणजे खाली चुनखडीचा सच्छिद्र थर. पावसाचं पाणी त्यात मुरतं, भेगा-गुहांमधून वाहतं आणि जागोजागी झरा होऊन वर येतं. राज्यात असे हजारावर झरे आहेत. जमिनीखालून येत असल्यामुळे या पाण्याचं तापमान बारा महिने जवळपास एकच असतं. ब्लू स्प्रिंगचं ७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २२ सेल्सियस. बाजूला सेंट जॉन्स नदी आहे. थंडीत नदीचं पाणी ६८ अंशांखाली गेलं की मॅनटींना, म्हणजे समुद्रगायींना, ते सोसत नाही. हजार-हजार पौंडांचे हे प्राणी नदी सोडून झऱ्याच्या उबेला येतात. २०२४ च्या जानेवारीत एका दिवशी तिथे ९०० च्या वर मॅनटी मोजल्या गेल्या.

आता घड्याळ. गाडीला ६ डॉलर, एका गाडीत आठ जणांपर्यंत. फाटक सकाळी आठला उघडतं, पण सुट्टीच्या दिवशी साडेसातला रांगेत असलेलं बरं, कारण पार्किंग भरलं की फाटक बंद होतं आणि मग तासन्‌तास उघडत नाही. दिवस निवडायचा तो आदल्या रात्री गारठा पडलेला. ऊन वर आलं, हवा तापली की मॅनटी नदीत चरायला निघून जातात. दुपारी दोनला गेलेल्यांना रिकामं निळं पाणी दिसतं. तेही सुंदरच असतं, पण मुलाला ते पटणार नाही.

नदीपासून झऱ्याच्या उगमापर्यंत प्रवाहाच्या काठाने लाकडी पायवाट आहे. सपाट, कठड्याची, व्हीलचेअर जाईल अशी. आईंना शेवटपर्यंत जायची गरज नाही, पहिल्या एखाद्या कट्ट्यावर थांबलं तरी पुरे. सकाळी पाण्यावरून वाफ निघत असते. आधी वाटतं तळाशी मोठमोठे करडे धोंडे पडले आहेत. मग त्यातला एक धोंडा सावकाश वर येतो, पाण्याबाहेर दोन नाकपुड्या झडपेसारख्या उघडतात, फुस्स असा आवाज होतो, नाकपुड्या मिटतात आणि धोंडा पुन्हा खाली. हे दर तीन-चार मिनिटांनी, इकडे एक, तिकडे एक. मुलाला मॅनटीच्या पुढच्या वल्ह्याकडे बघायला सांगा, टोकाला नखं असतात. हत्ती हा त्यांचा जवळचा नातेवाईक आहे हे त्या नखांवरून त्याला चटकन पटेल. पिल्लू आईला चिकटलेलं दिसलं तर नीट बघा, ते आईच्या वल्ह्याच्या मागे, बगलेत तोंड घालून दूध पीत असतं. आणि बऱ्याच पाठींवर एकाला एक लागून पांढरे चिरे दिसतील, फणीने ओढल्यासारखे. ते बोटींच्या पंख्यांचे घाव. अभ्यासक सकाळी छोट्या होडीतून मोजणी करतात, तेव्हा या व्रणांवरूनच एकेक मॅनटी ओळखतात. मी हे शेकडो वेळा लोकांना दाखवलं असेल, अजूनही ते सांगताना माझा आवाज खाली जातो.

मॅनटी असताना तिथे पोहायला बंदी असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत प्रवाह त्यांचाच. झऱ्यात उतरायचंच असेल तर घराजवळ वेकिवा स्प्रिंग्ज आहे, तेही लवकर भरतं.

दुसरी जागा खास बाबांसाठी आणि आईंच्या गुडघ्यांसाठी: लेक अपोप्का वाइल्डलाइफ ड्राइव्ह. अकरा मैलांचा एकेरी मातीचा रस्ता, वेग ताशी दहा मैल, तिकीट नाही. आई गाडीतून न उतरता सगळं बघू शकतात. फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना खुला असतो. सकाळी सातला फाटक उघडतं, दुपारी तीननंतर आत सोडत नाहीत. सातलाच जा. दोन-तीन तास सहज लागतात, आणि बाबा बरोबर असतील तर पाच धरा. स्वच्छतागृह घरूनच उरकून निघालेलं बरं.

या रस्त्याची कहाणी बाबांना जरूर सांगा. १९४० च्या दशकात तळ्याचा उत्तर काठ बांध घालून कोरडा केला आणि तिथे भाजीपाल्याची शेती सुरू झाली. खतांचं पाणी तळ्यात जात राहिलं आणि तळं हिरव्या काल्यासारखं झालं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने ती शेती विकत घेतली. शेतांत पाणी सोडल्यावर पक्षी मोठ्या संख्येने उतरले आणि मातीत उरलेल्या कीटकनाशकांमुळे १९९८-९९ च्या हिवाळ्यात शेकड्यांनी मेले. त्यानंतर ती माती आणि ते पाणी सुधारायला कित्येक वर्षं गेली. लोकांसाठी रस्ता उघडला तो २०१५ मध्ये. आज तिथे ३७० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. बिघडलेली जागा पुन्हा भरते म्हणजे काय होतं, हे गाडीच्या खिडकीतून दिसतं.

बाबांना तिथे ओळखीचे चेहरेही भेटतील. मोर शराटी तीच, नाशिककडची. मासे पकडणारी ऑस्प्री तीच. वारकरी अगदी सख्ख्या चुलत घरातला, तसाच काळा, पांढऱ्या चोचीचा, घोळक्याने पोहणारा. गायबगळा इथे मूळचा नव्हेच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतून दक्षिण अमेरिकेत आला आणि १९४० च्या दशकात फ्लोरिडात पोचला. नवीन म्हणाल तर लिम्पकिन. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, गोगलगायी शोधत काठाने चालणारा, आणि ओरडला की बाळ रडतंय असं वाटायला लावणारा. दुर्बीण भारतातूनच आणायला सांगा, स्वतःच्या दुर्बिणीची सवय वेगळी असते.

अशीच गाडीतून बघण्याची दुसरी सोय पूर्व किनाऱ्यावर मेरिट आयलंडच्या अभयारण्यात आहे, ब्लॅक पॉइंटचा सात मैलांचा रस्ता. तिथे गुलाबी चमच्या पक्षी दिसतो. आपल्याकडचा चमच्या पांढरा, हा चक्क गुलाबी. कॅनेडी स्पेस सेंटरला जाणार असालच, त्याला जोडून सकाळी हे करा.

एव्हरग्लेड्सबद्दल, म्हणजे दक्षिण फ्लोरिडातल्या पाणथळीच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल, प्रत्येक जण विचारतो. जरूर जा, पण एका दिवसात जाऊन-येऊन नको. ऑरलँडोहून एका बाजूला चार तास लागतात, आईंच्या पायांना ते जड जाईल. जवळच्या होमस्टेड गावात एक रात्र काढा आणि सकाळी अनहिंगा ट्रेलवर जा. मैलभरापेक्षा कमी, सपाट, अर्धी वाट पाण्यावर. ज्या पक्ष्याचं नाव या वाटेला दिलं आहे तो म्हणजे आपल्या तिरंदाजाचा भाऊ. पाण्याखालून मासा चोचीने भोसकून वर येतो, झटका देऊन मासा हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. मग फांदीवर पंख पसरून वाळवत बसतो, इतका जवळ की पिसांवरच्या रुपेरी रेघा मोजाव्यात. बाबांना तिथून हलवणं अवघड जाईल.

गाडी लावताना एक काळजी घ्या. तिथली काळी गिधाडं गाड्यांचं रबर कुरतडतात. वायपरची पट्टी, काचेभोवतीची रबरी कड, जे सापडेल ते ओढून काढतात. उद्यानाने गाडी झाकायला ताडपत्र्या ठेवल्या आहेत, त्या न लाजता वापरा. माझ्या मैत्रिणीने कंटाळा केला आणि परतीच्या पावसात एका वायपरवर गाडी हाकली.

पैशांचंही बघा. एव्हरग्लेड्सला गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतात. पण २०२६ पासून एव्हरग्लेड्ससह ११ मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत, वार्षिक पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना, वय सोळा किंवा जास्त असेल तर, माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात. म्हणजे आईबाबांचे मिळून २०० डॉलर. निघण्याआधी पासांचे नियम वाचून हिशेब करा. एवढे पैसे नको वाटले तर मी बेधडक बिग सायप्रेस या राखीव निसर्गक्षेत्राकडे वळायला सांगेन. एव्हरग्लेड्सला लागूनच आहे, आणि प्रवेशशुल्क नाही. ४१ नंबरच्या हायवेवर ओएसिस व्हिजिटर सेंटर आहे. समोर कालवा, वर लाकडी सज्जा, खाली मगरी ऊन खात पडलेल्या. आईंना गाडीपासून पन्नास पावलंही चालावं लागणार नाही. पुढे त्याच रस्त्यावर कर्बी स्टॉर्टरची लाकडी पायवाट सायप्रेसच्या झाडीत जाते. पाण्यात उभी झाडं, गुडघ्यांसारखी वर आलेली मुळं आणि शांतता. मला स्वतःला ही वाट अनहिंगापेक्षाही जवळची वाटते.

आता मगरींचं. इथली मगर म्हणजे मुख्यतः अ‍ॅलिगेटर, आखूड-रुंद तोंडाची. दक्षिण टोकाला क्रोकोडाइलही आहे. भीती खोटी नाही, पण ती योग्य जागी ठेवायला हवी. आईबाबा हिवाळ्यात येताहेत हे इथेही बरं. थंड रक्ताचा प्राणी, हवा ७० अंशांखाली गेली की त्याची भूक मंदावते, तो उन्हात ओंडक्यासारखा पडून राहतो. पंधरा फुटांच्या आत जायचं नाही. गोड्या पाण्याच्या काठाशी मुलाला एकटं सोडायचं नाही, विशेषतः संध्याकाळी, आणि नेमून दिलेल्या जागेशिवाय पाण्यात उतरायचं नाही. शेजारचा कुत्रा बरोबर नेणार असाल तर त्याला पाण्यापासून आणखी लांब ठेवा.

आणि काहीही खायला घालायचं नाही. हे मी हात जोडून सांगते. एकदा आपल्यातलंच एक कुटुंब धक्क्यावर बसून डबा खात होतं. आजोबा कौतुकाने कासवांना पोळीचे तुकडे टाकत होते. दहा मिनिटांत पाण्यावर दोन डोळे आणि एक नाक सरकत आलं, आणि धक्क्याखाली येऊन थांबलं. नातू वाकून बघत होता. कुणाला काही झालं नाही. पण मगरीने माणूस आणि खाणं यांची सांगड घातली की ती माणसांकडे यायला लागते, मग तक्रार होते, पकडणारे येतात आणि बहुतेक वेळा तिला मारलं जातं. मगरीला खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे तो यासाठी. डबा खा, पण पाण्यापासून दूर, सहलीच्या टेबलांवर.

समुद्राबद्दल थोडंच सांगते, कारण जानेवारीत पाणी गार असतं आणि आईबाबा बहुधा पायच बुडवतील. बऱ्याच किनाऱ्यांवरच्या स्टेट पार्कांत जाड चाकांची, वाळूवर चालणारी व्हीलचेअर मोफत मिळते. आदल्या दिवशी फोन करून विचारा. आईंना पाण्याच्या रेषेपर्यंत नेता येईल. किनाऱ्यावरचे झेंडे मुलाला शिकवा: हिरवा निवांत, पिवळा सावध, लाल म्हणजे लाटा आणि ओढ जोरदार, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे चावरे जीव. ओढीत सापडलंच तर काठाकडे सरळ झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर निघायचं.

ज्यांचे आईवडील जून ते ऑगस्टमध्येच येऊ शकतात त्यांच्यासाठी: सकाळी आठ ते अकरा, बास. दुपारी ढग चढतात आणि विजा इथे खरोखर माणसं मारतात. गडगडाट ऐकू आला की त्याच क्षणी पाण्याबाहेर आणि गाडीत, काचा वर. पार्कातला चार खांबांचा मांडव हा आसरा नव्हे, मी दर उन्हाळ्यात लोकांना त्याच्याखालून अक्षरशः हाकलते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. वादळ गेल्यावरही लाकडी वाटा तुटलेल्या असतात, तेव्हा निघण्याआधी पार्क उघडं आहे ना हे तपासाच.

स्टेट पार्क बहुतेक सगळी वर्षाचे ३६५ दिवस सकाळी आठपासून सूर्यास्तापर्यंत खुली असतात, बहुतेकांना गाडीमागे ४ ते ६ डॉलर. दोन महिन्यांत वीसेक वेळा जाणार असाल, आणि मी म्हणेन जाच, तर कुटुंबाचा १२० डॉलरचा वार्षिक पास वसूल होतो. तंबूत राहायची हौस असेल तर आत्ता उशीर झाला आहे. इथल्या रहिवाशांना अकरा महिने आधी आरक्षण करता येतं आणि हिवाळ्यातल्या जागा लगेच जातात. पुढच्या वर्षासाठी लक्षात ठेवा.

कुठे धूर दिसला, झाडांचे बुंधे काळे दिसले तर घाबरू नका. इथली पाइनची जंगलं आगीवर वाढलेली आहेत. पार्कचे लोक वारा, दमटपणा बघून ठरवून जाळतात, नाहीतर झुडपं माजतात आणि जमिनीवरचं गवत, फुलं, बिळात राहणारी गोफर कासवं सगळं दबून जातं. जळल्यानंतर काही आठवड्यांनी त्याच जागी जा, काळ्या मातीतून पोपटी गवत आलेलं असतं.

ही उद्यानं आपोआप टिकत नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नऊ स्टेट पार्कांत गोल्फची मैदानं, पिकलबॉल या रॅकेटच्या खेळाची कोर्टं, अगदी ३५० खोल्यांची लॉजं बांधायचा सरकारी बेत बाहेर आला. जोनाथन डिकिन्सन पार्कमधली झुडपी वनं गोल्फसाठी जाणार होती. लोक इतके भडकले की आठवड्या-दीड आठवड्यात बेत मागे घ्यावा लागला, आणि २०२५ च्या मे महिन्यात असल्या बांधकामांना आडकाठी करणारा कायदा झाला. त्या दिवसांत फलक घेऊन उभे राहिलेल्यांत सगळ्या पक्षांचे लोक होते, आजीआजोबा होते, शाळेतली मुलं होती. मुलाला हेही सांगा.

वेळ उरला तर गेन्सव्हिलजवळचं पेन्स प्रेअरी स्टेट पार्क. दोन तासांवर, जंगली बायसन आहेत, १९७५ मध्ये आणून सोडलेले. दिसतीलच याची खात्री नाही, पण हिवाळ्यात सँडहिल क्रौंच नक्की असतात. सारसापेक्षा लहान, डोक्यावर तसाच लाल टिळा, आणि आधी आवाज येतो, मग थवा.

सामानाचं शेवटी. आईबाबांना सगळे सांगतील की फ्लोरिडा गरम आहे, स्वेटर कशाला. ब्लू स्प्रिंगच्या ज्या सकाळी मॅनटी सगळ्यात जास्त असतात, त्या सकाळी हवा चाळीस फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे चार-पाच सेल्सियस असते आणि नदीवरून वारा येतो. बाबांची कानटोपी, आईंची शाल आणि थर्मासमध्ये चहा, एवढं आठवणीने घ्या.